जवानाची थट्टा कशी वाचावी?

मागच्या पौषातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. वाचनालयाच्या समितीची बैठक आटोपून घरी आलो, तर सोप्यात एक बाई बसून होत्या. हातात मोबाईल होता आणि पदर सारखा सावरत होत्या. त्यांचा धाकटा मुलगा पलटणीत आहे. माझ्याच हाताखाली सातवीपर्यंत शिकलेला. गणितात कच्चा, कबड्डीत पक्का. बाई म्हणाल्या, “गुर्जी, एवढं वाचून दावा की. पोरानं गल्लीतल्या पोरांना कायतरी लिवलंय. ती वाचून सगळी हसालेत. मला कोण सांगंना.”

मी चष्मा लावला. मजकूर मराठीच होता, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. बाई चौथी शिकलेल्या आहेत. हरिपाठ वाचतात, हे वर्तमानपत्रही वाचतात. पण ही अक्षरे त्यांना परकी. म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो.

एका मित्राने विचारले होते, “काय बे, थंडी हाय काय तिकडं?” त्यावर चिरंजीवांचे उत्तर, “थंडी कुठली गा, अंडं फोडायला हातोडा घेतलाय तेवढाच.” दुसऱ्याने लिहिले होते, “मजा हाय बाबा तुझी, सरकारी खर्चानं बर्फ बघालास.” त्याला उत्तर, “तू येतोस काय बदलीला? पिट्टू तयार हाय.” आणि शेवटी, “काळजी करू नका. रोज सकाळी उठून पायाची बोटं मोजतो. आजपत्तूर दहा भरली.”

शेवटच्या ओळीपाशी मी क्षणभर थांबलो. वाचावी की गाळावी? पण लहानपणापासून दुसऱ्यांची पत्रे वाचून दाखवण्याची सवय आहे, आणि त्या कामाचा एकच नियम आहे. लिहिले ते सगळे वाचायचे. मी वाचले. बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “दहा भरली म्हंजे चांगलंच की. पर गुर्जी, मोजतोय कशाला?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. वाचकहो, ते उत्तर शोधताना जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो आहे. आपल्या गल्लीतही सैन्यातले एखादे पोर असेलच, आणि त्याची थट्टा वाचून आपणही कधी हसला असाल.

थट्टेमागचा दिवस

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना गाठले. त्यांची नोकरी मराठा पलटणीत झालेली. बर्फातली ठाणीही त्यांनी पाहिलेली. मी बोटांची गोष्ट सांगताच ते म्हणाले, “गुरुजी, ती थट्टा नव्हे. तो हुकूम आहे.”

हिमदंशाची रीत मोठी फसवी असते. आधी बोटांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात आणि दुखणे थांबते. दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, आणि तोवर बोट हातचे जाते. म्हणून बर्फातल्या ठाण्यावर रोज मोजे काढून पाय पाहायचे, बोटांचा रंग बदलला का ते तपासायचे, ओले मोजे बदलायचे आणि जोडीदाराने जोडीदाराचेही पाय पाहायचे, असा शिरस्ता असतो. म्हणजे आमच्या या विद्यार्थ्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. दिवसातले सर्वांत गंभीर काम त्याने हसत सांगितले होते, एवढेच. बाईंना मी जाऊन सांगितले, “मोजतोय म्हणजे पोरगं शहाणं आहे. न मोजणाऱ्याची काळजी करायची.” तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला.

सुभेदारांशी मग पुष्कळ बोलणे झाले. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. जवानाची थट्टा आभाळातून पडत नाही, ती त्याच्या दिवसातून निघते. आणि तो दिवस आपल्याला माहीत नसतो. सिनेमात दिसते ती लढाई. जवानाच्या आयुष्यातले बहुतेक दिवस मात्र लढाईचे नसतात, कामाचे असतात. पहाटे पी.टी., मग नाश्ता, परेड, हत्यारांची साफसफाई, हत्यार मोजून कोतात जमा करणे, दुपारी फटिक, म्हणजे गवत कापण्यापासून सामान उतरवण्यापर्यंत पडेल ते काम, संध्याकाळी मैदानावर खेळ, रात्री रोल कॉल आणि उद्याचे हुकूम. त्यात गारद लागली तर साधारण दोन तास पहारा आणि चार तास आराम, असे चक्र रात्रभर. उजाडले की पुन्हा पी.टी. आहेच.

या दिवसाची भाषाही वेगळी आहे. शिकवणारा तो उस्ताद, नवा भरती झालेला तो रंगरूट, स्वयंपाक होतो तो लंगर, पाठीवरचे ओझे तो पिट्टू, शिक्षा म्हणून करवलेली मेहनत तो रगडा आणि सणासुदीला सगळ्यांनी, साहेबांसकट, एकत्र जेवायचे तो बडा खाना. हे शब्द ठाऊक नसतील तर निम्मी थट्टा वाया जाते. एक मुलगा मित्राला लिहितो, “तू पैसे भरून वजन उचलतोस, मला सरकार पगार देऊन उचलायला लावतं.” पिट्टू पाठीवर घेऊन चढण चढणाऱ्याचे हे वाक्य आहे हे कळले की हसूही येते आणि पाठही दुखते.

आपल्या भागाला तर या गोष्टींची ओळख जवळची हवी. बेळगावात मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी, ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाणारी पलटण १७६८ साली उभी राहिली. इटलीच्या आघाडीवर १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ च्या लढाईतले शिपाई नामदेव जाधव, या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही नावे आपण मुलांना शिकवतो, शिकवायलाच हवीत. पण याच पलटणींतल्या शिपायांना एक लाडके नावही होते, ते आपण शिकवत नाही. ते नाव ‘गणपत’. इंग्रज साहेबांच्या तोंडी मराठा शिपाई म्हणजे गणपत. आणि आमच्या शिपायांनीही ते रागाने नव्हे, मिशीत हसत स्वीकारले. शौर्य आणि थट्टा एकाच बराकीत नांदत आली आहेत.

एका आठवड्याची दोन पत्रे

मी सहावी-सातवीत होतो, म्हणजे १९८० च्या आसपास, तेव्हा आमच्या गल्लीतल्या तीन घरांची पत्रे मी वाचून दाखवत असे. बक्षीस म्हणून मूठभर शेंगा मिळत. लिफाफ्यावर गावाचे नाव नसे. नुसता शिपायाचा नंबर, पलटणीचे नाव आणि ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ एवढेच. पोस्टमन मोठ्या ऐटीत सांगे, “नव्व्याण्णव म्हणजे पूर्वेकडं, छप्पन्न म्हणजे पश्चिमेकडं.” त्याहून अधिक कुणाला कळत नसे आणि कुणी विचारतही नसे.

घरी येणाऱ्या पत्राचा साचा ठरलेला होता. तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी, म्हैस व्याली का, पैसे पोचल्याचे कळवावे. दोन महिन्यांनी आलेल्या पत्रातही प्रकृती उत्तमच असे. पण त्याच शिपायाचे त्याच आठवड्यात तालमीतल्या मित्राला आलेले पत्र एकदा माझ्या वाचनात आले. त्यात लिहिले होते की, नाक जागेवर आहे की नाही याची खात्री रोज आरशात बघून करून घेतो. घरच्यांना खुशाली, मित्रांना थट्टा. खरे काय चालले आहे ते दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली तरच कळत असे.

पुढे एस.टी.डी. बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत, तोपर्यंत जवान रांगेत उभे राहत आणि तीन मिनिटांत सगळ्या घराची चौकशी उरकत. मग मोबाईल आला. सियाचीनसारख्या ठिकाणीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात सुमारे साडेपंधरा हजार फुटांवर बी.एस.एन.एल.चा टॉवर उभा राहिला. ही मोठीच सोय झाली. पण तिने एक गोष्ट मोडली. पूर्वी घरचे पत्र वेगळे आणि मित्राचे वेगळे होते. आता मित्राला लिहिलेली ओळ अर्ध्या तासात साऱ्या गल्लीत फिरते आणि फिरत फिरत आईपर्यंत पोचते. जी थट्टा आईपासून लपवायची म्हणून मित्राला सांगितली, तीच आईच्या हातात पडते, आणि तीही तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांत.

काळी मिरी, लाल मिरची

थट्टेत आडपडदा ठेवणे ही शिपायाची जुनी विद्या आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ साली, हिंदी पलटणी फ्रान्समध्ये लढत होत्या. त्यांची पत्रे उघडून तपासण्यासाठी इंग्रज सरकारने बूलोन येथे खास कचेरी थाटली होती. लढाईत किती माणसे पडली हे घरी लिहायची बंदी. तेव्हा काही शिपायांनी पत्रात मसाल्याचा हिशेब लिहायला सुरुवात केली. काळी मिरी म्हणजे आपली माणसे, लाल मिरची म्हणजे गोरे सोल्जर. काळी मिरी संपत आली आणि आता लाल मिरची वापरात आहे, असे कुणी लिहिले की गावाकडच्यांनी काय ते समजायचे. तपासनिसांनीही ते ओळखलेच, म्हणून तर ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, शिपाई हलके बोलतो तेव्हा त्याखाली जड काहीतरी असू शकते. दुसरी, शिपायाचे बोलणे मित्रांखेरीज इतरही कुणी ऐकत असते. हे दुसरे आज अधिकच खरे आहे. २०२० च्या जुलैमध्ये लष्कराने आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप मोबाईलमधून काढून टाकायला सांगितले, ते उगाच नव्हे. अनोळखी मैत्रीण म्हणून गोड बोलणारे माणूस सीमेपलीकडचे निघू शकते.

म्हणून गावातल्या तरुण मित्रांना हात जोडून सांगणे आहे. “सध्या कुठं हायस?” हा प्रश्न चारचौघांच्या ग्रुपवर विचारू नका. त्याने टाळले तर “मोठा झालास काय बे” असे टोचू नका. त्याने पाठवलेला फोटो पुढे ढकलू नका. त्याची गाडी कधी सुटणार, पलटण कुठे निघाली, हे कट्ट्यावर बढाई म्हणून सांगू नका. पूर्वी पोस्टमन छप्पन्न आणि नव्व्याण्णववर समाधानी असे. आपणही तेवढ्यावर राहावे.

“सुट्टी कधी?” हाही रोज विचारण्याचा प्रश्न नव्हे. नियमित जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते. २०२२ पासून भरती होऊ लागलेल्या अग्निवीराला वर्षाला तीसच दिवस. त्यात गणपतीला यायचे की गावच्या महालक्ष्मी यात्रेला, बहिणीच्या लग्नाला की भाताच्या लावणीला, हा हिशेब तो मनात हजार वेळा करत असतो. आपण विचारले की त्याला तो पुन्हा करावा लागतो. बहुतेक वेळा उत्तर थट्टेतच येते, “बर्फ वितळला की.”

मग विचारायचे तरी काय? सुभेदारांनी याचे उत्तर मोठे सुंदर दिले. ते म्हणाले, “विचारू नका, सांगा.” मसुराला फुले आली का, वळवाचा पाऊस झाला का, कबड्डीत आपला संघ कुणाकडून हरला, शिवजयंतीच्या चित्ररथात यंदा कोण घोड्यावर बसला आणि कोण पडता पडता वाचला. हे ऐकताना, सुभेदार म्हणाले, बराकीतला माणूस काही क्षण गावात जाऊन येतो. त्याला कौतुक नको असते. “तू देशाचा वीर” म्हटले की तो गप्प होतो. “तुझ्या जागी चढाईला आता त्या खालच्या गल्लीतल्या पोराला घेतलंय” म्हटले की लगेच उत्तर येते. थट्टेला थट्टेने उत्तर देणे ही मित्रांनी करायची सेवाच आहे.

मात्र थट्टा अचानक थांबली तर सावध व्हावे. रोज टिंगल करणारा मुलगा दोन ओळींची कोरडी खुशाली लिहू लागला, की मित्राने त्याला एकट्याला फोन करावा, ग्रुपवर नव्हे. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद आपल्याला आठवत असतील. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी हणमंतप्पा बर्फाखाली जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला त्यांनी दिल्लीत प्राण सोडले. त्या आठवड्यात आपल्याकडे मराठी-कन्नड सगळ्याच घरांत दिवा लागला होता. ‘सरकारी खर्चानं बर्फ बघालास’ असे लिहिताना हेही मनात असू द्यावे. लिहू नये असे मी म्हणत नाही. लिहावे, पण माहीत असून लिहावे.

अक्षरांची अडचण

आता भाषेकडे वळतो. पलटणीत जवान हिंदी बोलतो. हुकूम, परेड, दरबार, सारे हिंदीत. मराठा पलटणीतही महाराष्ट्रातले जवान असतात तसे कर्नाटकातलेही असतात, म्हणून बराकीत कन्नडही कानी पडते. सुट्टीवर आलेला मुलगा तीन भाषा सफाईने बोलतो, याचा मला शिक्षक म्हणून अभिमान वाटतो. पण थट्टा करायची वेळ आली की तो आपल्या गल्लीच्या बोलीत येतो. ‘काय बे’, ‘नाही गा’, ‘बघालास’ हे शब्द हुकुमाच्या भाषेत नाहीत. हुकूम शिकलेल्या भाषेत पाळता येतो, पण भीतीला हसायचे तर घरचीच भाषा लागते.

ही भाषा तो इंग्रजी अक्षरांत लिहितो, त्यात त्याचा दोष थोडा. इंग्रजांच्या काळात फौजेत उर्दू रोमन अक्षरांत शिकवली जाई, आणि नंतर हिंदीही फौजेत पुष्कळ वर्षे त्याच अक्षरांत लिहिली गेली. मोबाईलवरही इंग्रजी अक्षरे समोरच असतात. मित्रांचे त्यावाचून काही अडत नाही. अडते ते आईचे. जी बाई हरिपाठ वाचते, वर्तमानपत्र वाचते, तिला पोटच्या पोराच्या दोन ओळींसाठी दुसऱ्याच्या दारात यावे लागते. पूर्वी आया निरक्षर होत्या म्हणून पत्र वाचून घेत. शाळा झाल्या, आया शिकल्या, आणि आता शिकलेल्या आईला आपण मोबाईलपुढे निरक्षर करून बसवले आहे. शिवाय वाचून दाखवणाऱ्याने एखादी ओळ गाळली तर? मीसुद्धा गाळणार होतोच.

आम्ही शाळेत एक साधा उपाय केला. शनिवारच्या शेवटच्या तासाला सातवीच्या मुलांना मोबाईलवर देवनागरी कशी आणायची ते दाखवले. दोन-चार मिनिटांचे काम आहे. मग घरचा अभ्यास दिला की, आपल्या नात्यातल्या किंवा गल्लीतल्या जवानाला पाच ओळी लिहायच्या. कुठे आहेस हे विचारायचे नाही, सुट्टी विचारायची नाही, गावची एक बातमी आणि एक गंमत लिहायची. मुलांनी काय काय लिहिले! एकाने म्हशीची, एकाने गळक्या वर्गाची, तर एकाने चक्क माझीच गंमत लिहिली. उत्तरे आली ती बहुतेक देवनागरीत, कारण पुतण्याने देवनागरीत विचारल्यावर काकाला मागे राहणे बरे वाटत नाही.

भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलांनाही मी हे मुद्दाम सांगतो. अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा २०२५ साली तेरा भाषांत घेतली गेली, त्यांत मराठी आहे. म्हणजे आपली लिपी भरतीच्या दारापर्यंत तरी आपल्यासोबत आली. पुढे तिला सोबत ठेवायचे की दारातच सोडायचे, हे ज्याने त्याने ठरवायचे.

त्या बाई परवा पुन्हा भेटल्या. वाटेतच थांबवून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मी चष्मा शोधू लागलो तर म्हणाल्या, “तुमी वाचू नगा, मी वाचतो.” आणि भर रस्त्यात, एकेका अक्षरावर बोट ठेवत, त्यांनी वाचले, “आई, बोट धाच हाईत. अंड अजून फुटल नाही.” ‘दहा’चे ‘धा’ झाले होते, अनुस्वार तर सगळेच गळाले होते. बत्तीस वर्षे मी वह्यांवर लाल शाई चालवली आहे. त्या दोन ओळींवर चालवावीशी वाटली नाही. बाई मात्र या खेपेला हसल्या. मोजणे कशासाठी, हे आता त्यांना ठाऊक होते.